विमापत्रांतील एक वाक्य

सुशिक्षित कुटुंबाच्या कपाटांत जीं कागदपत्रें विशेष जपून ठेवलेलीं असतात, त्यांत घराचें खरेदीखत, मुलांच्या जन्मपत्रिका आणि आरोग्यविम्याचें विमापत्र हीं प्रमुख होत. यांपैकीं खरेदीखत वकिलानें वाचलेलें असतें, जन्मपत्रिका ज्योतिष्यानें वाचलेली असते. विमापत्र मात्र बहुधा कोणीच वाचलेलें नसतें. हप्ता वेळेवर भरला म्हणजे विम्यासंबंधींचें आपलें कर्तव्य संपलें, अशी समजूत घरोघरीं रूढ झालेली आहे. आणि ती समजूत चुकीची होती हें कळण्याचा प्रसंग येतो तो रुग्णालयाच्या दारांत, म्हणजे वाचावयास सवड नाहीं आणि वाचून उपयोगहि नाहीं अशा वेळीं. श्रोतेहो, आजची हकीकत अशाच एका न वाचलेल्या वाक्याची आहे. पोटावरून ओघळलेली कातडी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया ज्यांना करून घ्यावी लागते, त्यांच्या बाबतींत सगळ्या खर्चाचा निवाडा त्या एका वाक्यावर होत असतो.

प्रथम हें दुखणें काय आहे तें समजून घेतलें पाहिजे. माणसाची त्वचा ही मोठी सोशिक वस्तु आहे. शरीर वाढेल तशी ती वाढते, ताणावें तशी ताणते. परंतु सोशिकपणालाहि मर्यादा असते. त्वचेच्या आंत कोलॅजन व इलॅस्टिन या नांवांचे सूक्ष्म तंतु असतात, आणि त्यांच्या लवचिकपणामुळें ताणलेली त्वचा पुन्हां आपल्या जागीं येते. अतिस्थूलतेमुळें हे तंतु वर्षानुवर्षें ताणले गेले म्हणजे त्यांतील कांहीं तुटतात, कांहीं निकामी होतात. मग मनुष्यानें पुढें तीस-चाळीस किलो वजन उतरविलें, तरी आंतील मेद जातो पण वरची पिशवी तशीच राहते. फार दिवस ताणून ठेवलेली रबराची दोरी सोडल्यावर जशी सैल लोंबकळते, तशी ही कातडी ओटीपोटावरून खालीं लोंबते. चालण्यानें, सूर्यनमस्कारांनीं व मिताहारानें स्नायु बळकट होतात, मेद उतरतो. परंतु एकदां सैल पडलेली कातडी व्यायामानें आखडत नाहीं. ज्यानें मोठ्या निग्रहानें वजन उतरविलें त्याच्याच वांट्याला हें ओझें यावें, हा निसर्गाचा विचित्र न्याय म्हणावयाचा!

या लोंबत्या घडीला वैद्यकांत पॅनस असें नांव आहे, आणि तिच्या पांच पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीची घडी जांघेवरील केसांच्या रेषेपर्यंत येते, दुसरी गुह्यभाग झांकते, तिसरी मांडीच्या वरच्या भागापर्यंत जाते, चौथी अर्ध्या मांडीपर्यंत, आणि पांचवी गुडघ्यापर्यंत किंवा त्याच्याहि खालीं पोंचते. घडीच्या आंत वारा लागत नाहीं, घाम सुकत नाहीं, कातडीवर कातडी घासते. ओल, ऊब आणि अंधार या तिहींचा जेथें संगम झाला, तेथें बुरशीचें फावतें. प्रथम लाली येते, मग खाज सुटते, मग कातडी चिघळते व तिला कुबट वास येऊं लागतो. या विकारास इंटरट्रिगो म्हणतात. चिघळलेल्या जागेंतून जंतु आंत शिरले तर सेल्युलायटिस नांवाची सूज येते, ताप भरतो, आणि रोग्याला रुग्णालयांत ठेवावें लागतें. मधुमेह असेल तर बुरशी लवकर धरते आणि जखम उशिरां भरते. मुंबईच्या व कोंकणच्या पावसाळ्यांत, जेथें वाळत घातलेला कपडाहि दोन दोन दिवस ओला राहतो, तेथें अशा घडीची काय अवस्था होत असेल याची कल्पना सहज करतां येईल.

आतां एक काल्पनिक उदाहरण घ्यावें. दादरसारख्या वस्तींत राहणारी पंचेचाळीस वर्षांची एक गृहिणी आहे असें धरावें. दोन बाळंतपणांनंतर तिचें वजन वाढत गेलें, मधुमेह जडला, आणि अखेर डॉक्टरांच्या सल्ल्यानें तिनें जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. त्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपनीनें विनातक्रार दिला. दीड वर्षांत बेचाळीस किलो वजन उतरलें. शेजारणी कौतुक करूं लागल्या, नातेवाईक ओळखीनासे झाले. परंतु नेसलेल्या साडीच्या आंत काय आहे, हें तिचें तिलाच ठाऊक होतें. पहिल्या पावसाळ्यांत घडीखालीं लाली आली. तिनें औषधाच्या दुकानांतून मलम आणविलें. तेंहि स्वतः न जातां आणि कशासाठीं तें न सांगतां. दुसऱ्या पावसाळ्यांत कातडी चिघळली, तेव्हां जुन्या धोतराची पट्टी घडीखालीं घालून ती दिवसभर कामें करीत राहिली. तिसऱ्या पावसाळ्यांत थंडी वाजून ताप आला, आणि मुलीनें तिला बळेंच डॉक्टरांकडे नेलें.

"बाई, हें इतके दिवस सांगितलें कां नाहींत?" डॉक्टरांनीं विचारलें.

"सांगायचें तरी कसें, डॉक्टर?" एवढेंच ती बोलली.

ताप उतरल्यावर डॉक्टरांनीं ती घडी काढून टाकण्याचा सल्ला दिला. विमा कंपनीकडे अर्ज गेला, आणि दोन ओळींचें उत्तर आलें: ही सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया असल्यामुळें तिचा खर्च विमापत्रांत बसत नाहीं. मुलीनें तें उत्तर वाचून दाखविलें आणि ती उद्वेगानें म्हणाली, "आई, तुला म्हणे सुंदर व्हायचें आहे!" तीन पावसाळे जिनें आपलें पोट सख्ख्या बहिणीलाहि दाखविलें नव्हतें, तिच्यावर सौंदर्याच्या हौसेचा आरोप आला होता. हंसावें कीं रडावें, हें तिला कळेना.

कंपनीचें उत्तर कठोर होतें यांत शंका नाहीं; परंतु तें केवळ लहरीचें होतें असेंहि म्हणतां येत नाहीं. कारण पोटाच्या कातडीवर दोन प्रकारच्या शस्त्रक्रिया होतात, आणि बाहेरून पाहणाराला त्या सारख्याच दिसतात. पहिलीचें नांव पॅनिक्युलेक्टॉमी. तींत लोंबणारी घडी तेवढी कापून काढतात. हेतु हा कीं, ओल व घर्षण यांचें मूळच नाहींसें व्हावें. दुसरीचें नांव ॲब्डॉमिनोप्लास्टी. लोक तिला टमी टक म्हणतात. तींत कातडी काढतातच, शिवाय सैल पडलेले स्नायु टांके घालून जवळ आणतात, बेंबी नव्या जागीं बसवितात आणि पोट सपाट व रेखीव करतात. पहिलीचा उगम रोगांत आहे, दुसरीचा बहुधा रूपांत. पण रुग्णालयाच्या अर्जांत 'पोटाची प्लॅस्टिक सर्जरी' असे मोघम शब्द पडले, कीं कंपनीचा अधिकारी दोहोंना एकाच माळेंत ओंवतो.

या 'प्लॅस्टिक' शब्दानेंहि पुष्कळ गैरसमज करून ठेवला आहे. त्याचा मूळ ग्रीक अर्थ 'घडविणें, आकार देणें' एवढाच आहे. आणि ज्या प्रसंगामुळें या विद्येकडे युरोपाचें लक्ष वेधलें, तो आपल्या पुण्याचा आहे. इंग्रजांच्या फौजेंत कावसजी नांवाचा एक गाडीवान होता. टिपू सुलतानाशीं झालेल्या युद्धांत तो कैदी झाला आणि त्याचें नाक कापण्यांत आलें. पुढें १७९३ च्या सुमारास पुणें येथें एका देशी कारागिरानें त्याच्याच कपाळाची कातडी खालीं वळवून त्याला नवें नाक करून दिलें. क्रूसो व फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनीं ती शस्त्रक्रिया पाहिली, आणि तिचें सचित्र वर्णन लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत १७९४ च्या ऑक्टोबरांत प्रसिद्ध झालें. तें वाचून जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनमध्यें तोच प्रयोग केला. कावसजीनें तें नाक केवळ आरशांत पाहण्यासाठीं करून घेतलें, असें कोण म्हणेल? गेलेली वस्तु परत मिळविणें निराळें आणि असलेली वस्तु अधिक शोभिवंत करणें निराळें. हा भेद त्या पुण्याच्या कारागिरासहि कळत असला पाहिजे.

पोटाच्या शस्त्रक्रियेचा इतिहासहि हेंच सांगतो. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत हॉवर्ड केली नांवाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. लोंबत्या पोटाची घडी आडवी कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेचें वर्णन त्यांनीं १८९९ सालीं केलें. रोग्याचें ओझें कमी व्हावें, हाच तींतील विचार होता. पुढें ब्राझीलमधील ईव्हो पितांगी यांनीं १९६७ सालीं अशा तीनशें शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला, आणि व्रण झांकला जाईल, कंबर रेखीव दिसेल अशी रचना लोकप्रिय केली. अशा रीतीनें एकाच झाडाला दोन फांद्या फुटल्या, आणि विमा कंपन्यांना त्यांतील एक ओळखून दुसरी वगळण्याचें काम करणें भाग पडलें.

तें काम आपल्या देशांत ज्या वाक्यानें होतें, तें वाक्य आतां पाहावयाचें आहे. पूर्वीं प्रत्येक कंपनी आपापल्या शब्दांत अपवाद छापीत असे, आणि एकाचे शब्द दुसऱ्याशीं जुळत नसत. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणानें २०१९ सालीं या अपवादांचा मजकूर ठरवून दिला. त्यांतील सौंदर्यवर्धक व प्लॅस्टिक शस्त्रक्रियेसंबंधींच्या अपवादाला ०८ हा संकेतांक आहे. त्याचा आशय असा: रूप पालटण्यासाठीं केलेल्या सौंदर्यवर्धक किंवा प्लॅस्टिक शस्त्रक्रियेचा अथवा उपचाराचा खर्च मिळणार नाहीं, मात्र अपघात, भाजणें किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेसाठीं ती केली असेल, किंवा विमेदाराच्या आरोग्यास असलेला थेट व तात्काळ धोका दूर करण्यासाठीं वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक अशा उपचाराचा ती भाग असेल, तर खर्च मिळूं शकेल, आणि ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीं प्रमाणित केलेली असली पाहिजे.

शाळेंत वाक्यपृथक्करण शिकवितात. त्याचा उपयोग संसारांत होतो तो अशा ठिकाणीं. वाक्याचा पूर्वार्ध दार लावतो, 'मात्र' हा शब्द तेंच दार किलकिलें करतो, आणि उत्तरार्धांत दारांतून आंत येण्याच्या अटी आहेत. पोटाची घडी अपघातांत, भाजण्यांत किंवा कर्करोगांत बसत नाहीं. तेव्हां तिला एकच वाट उरते, ती 'थेट व तात्काळ धोका' या शब्दांची. यांतील 'थेट' हा शब्द सोपा आहे: घडीमुळेंच चिघळण होते, हें डॉक्टर सांगूं शकतात. 'तात्काळ' हा शब्द मात्र कठीण आहे. कंपनी म्हणते, खाज सुटली म्हणून आज कोणाच्या जिवाला धोका नाहीं. यावर डॉक्टरांना असें दाखवून द्यावें लागतें कीं, जखम वारंवार होते, औषधानें तेवढ्यापुरती बसते व पुन्हां उलटते, जंतुसंसर्ग होऊन रोग्याला ताप येऊन गेला आहे, त्यांत मधुमेह आहे, आणि पुढचा संसर्ग केव्हां गंभीर रूप घेईल याचा भरंवसा नाहीं. विम्याच्या करारांत एखाद्या शब्दाचा अर्थ खरोखरच संदिग्ध असेल, तर तो करार लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावावा, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं चंदमल जैन यांच्या खटल्यांत मान्य केलेलें आहे. पण संदिग्धतेचा फायदा मिळण्यासाठींहि हातांत कांहीं पुरावा असावा लागतो. रिकाम्या हातांना न्यायहि कांहीं देऊं शकत नाहीं.

येथें कंपनीची बाजूहि निःपक्षपातानें पाहिली पाहिजे. विमा म्हणजे कंपनीची तिजोरी नव्हे. ती हजारों कुटुंबांनीं मिळून भरलेली भिशी आहे. एकाच्या हौसेचा खर्च तींतून दिला, तर दुसऱ्याच्या हप्त्यांत भर पडते. म्हणून रूपाचा खर्च वगळणें हें मूलतः न्याय्यच आहे. प्रश्न आहे तो रूप कोणतें आणि रोग कोणता हें ठरविण्याचा. आणि येथें एक विसंगति नजरेस येते. त्याच नियमांतील ०६ या संकेतांकाच्या अपवादानें स्थूलतेवरील शस्त्रक्रियेला सशर्त मुभा दिलेली आहे. रोगी अठरा वर्षांवरील असावा. डॉक्टरांचा सल्ला असावा. सौम्य उपायांनीं गुण आलेला नसावा. आणि किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागून येणारा अंक ४० किंवा अधिक असावा. हृद्रोग, झोपेंत श्वास अडकण्याचा तीव्र विकार, आटोक्यांत न येणारा मधुमेह असा गंभीर विकार सोबत असेल तर तो ३५ चालतो. म्हणजे वजन उतरविण्याचा खर्च विमा देतो. पण त्या उपचारानंतर जी कातडी उरते, तिच्यापाशीं येऊन तो थबकतो. वजन उतरविण्यासाठीं टिर्झेपेटाइड व सेमाग्लुटाइड यांचीं इंजेक्शनें २०२५ सालीं भारतांत विक्रीस आलीं. त्यांचा प्रसार जसजसा होईल, तसतसा हा उरलेल्या कातडीचा प्रश्न अधिक घरांतून उभा राहणार, हें उघड आहे.

मग डॉक्टरांच्या प्रमाणपत्राला बळ कशानें येतें? या बाबतींत अमेरिकेंतील विमा कंपन्यांची पद्धत मार्गदर्शक आहे. तेथेंहि सौंदर्यासाठीं केलेली शस्त्रक्रिया वगळलेलीच आहे; परंतु घडी काढण्याची शस्त्रक्रिया केव्हां मान्य करावी, याच्या कसोट्या पुष्कळ कंपन्यांनीं लिहून ठेवल्या आहेत. त्या सर्वांच्या अगदीं एक नसल्या तरी त्यांचें सामान्य स्वरूप सारखें आहे. घडी जांघेच्या हाडाखालीं उतरलेली असावी आणि तें समोरून व बाजूनें घेतलेल्या छायाचित्रांत दिसावें. चिघळण कांहीं महिने, बहुधा तीन महिने, डॉक्टरांचे उपचार करूनहि हटलेली नसावी. वजन सहा महिने स्थिर असावें. आणि वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर तीनंतर बहुधा दीड वर्ष लोटलेलें असावें. भारतांतील कंपन्यांवर या कसोट्यांचें बंधन नाहीं. परंतु त्यांच्या अनुरोधानें जो कागद जमवील, त्याच्या अर्जाला 'सौंदर्य' हा एकच शब्द लिहून परत पाठविणें कठीण जाईल.

आतां त्या दादरच्या गृहिणीकडे पुन्हां वळावें. तिच्याजवळ यांतील काय होतें? तीन पावसाळे ती सोसत होती. परंतु त्या सोसण्याची एकहि नोंद कोठें नव्हती. मलमाची चिठ्ठी नाहीं, तपासणीचा कागद नाहीं, तारीख नाहीं. शेवटच्या तापाचा तेवढा एक कागद होता, आणि त्यांतहि 'ताप व त्वचेचा संसर्ग' एवढेंच लिहिलेलें होतें. संसर्ग कोठें झाला आणि कशामुळें झाला, हें नमूद नव्हतें. कंपनीच्या टेबलावर जें पोंचलें, त्यावरून पाहतां एका बाईचें वजन उतरलें होतें आणि तिला पोटाची कातडी काढावयाची होती, एवढाच अर्थ निघत होता. तिला ज्या शब्दानें दुखविलें, तो शब्द कंपनीनें लिहिला खरा. पण तो लिहिण्यास जागा मोकळी राहिली ती तिच्या संकोचामुळें. आपल्याकडे तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणें हा स्त्रीचा गुण समजला जातो. तो गुण असो वा नसो, विम्याच्या व्यवहारांत त्याची किंमत रोख मोजावी लागते.

आणि या बाबतींत पुरुषांनींहि स्वतःला वगळूं नये. त्यांनाहि हा विकार होतो, आणि 'घाम आला असेल' म्हणून ते तो उडवून लावतात. स्त्रिया लाजेनें बोलत नाहींत, पुरुष बेफिकिरीनें बोलत नाहींत. कागद दोघांचाहि कोराच राहतो.

तेव्हां करावें काय? घडीखालीं लाली दिसतांच डॉक्टरांना दाखवावें आणि चिठ्ठी घ्यावी. जागा कोरडी ठेवणें, सुती कपडा वापरणें, बुरशीवरील औषध नेमानें लावणें हे उपाय मनापासून करावेत. कित्येकांना एवढ्यानेंच आराम पडतो व शस्त्रक्रियेची गरजच राहत नाहीं. आराम न पडल्यास पुन्हां दाखवावें आणि 'आराम पडला नाहीं' हें त्यांच्याच हातून लिहून घ्यावें. वजनाची मासिक नोंद ठेवावी. छायाचित्रें डॉक्टरांनीं दवाखान्यांत, चेहरा न येतां, तारखेसह काढावींत. तो वैद्यकीय कागद आहे, त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यावर पॅनिक्युलेक्टॉमी हें तिचें नेमकें नांव लिहून घ्यावें, आणि 'थेट व तात्काळ धोका' कोणता हें प्रमाणपत्रांत कारणांसह यावें. पोटाचा अंतर्गळ, म्हणजे हर्निया, त्याच वेळीं दुरुस्त होणार असेल तर त्याचा अंदाजी खर्च निराळा दाखवावा. आणि स्नायु आवळून पोट रेखीव करण्याचा भाग करून घ्यावयाचा असेल तर त्याचा खर्च स्वतः सोसण्याची तयारी ठेवावी. रोग व हौस एकाच बिलांत बांधलीं, तर हौशीमुळें रोगाचाहि दावा बुडतो.

ही शस्त्रक्रिया आकस्मिक नसते. तेव्हां आधीं परवानगी मागावी आणि उत्तर लेखी घ्यावें. २०२४ च्या मे महिन्यांतील नियामकाच्या परिपत्रकानुसार दावा नाकारावयाचा तर तो कंपनीच्या पुनरीक्षण समितीच्या संमतीवांचून नाकारतां येत नाहीं, आणि विमापत्राच्या कोणत्या अटीमुळें नाकारला तें विमेदारास कळवावें लागतें. उत्तर प्रतिकूल आल्यास प्रथम कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागावी. एक महिन्यांत समाधान झालें नाहीं, तर विमा लोकपालांकडे जातां येतें. २०१७ च्या नियमांनीं चालणाऱ्या या व्यवस्थेचीं कार्यालयें मुंबई व पुणें येथेंहि आहेत. तेथें फी नाहीं, वकील लागत नाहीं. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आंत अर्ज केला पाहिजे. २०२३ पासून ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकूं शकतात, आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

दोन गोष्टींची जाणीव मात्र अवश्य ठेवावी. एक म्हणजे, दुखणें सुरू झाल्यावर नवें विमापत्र घेणें हें तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखें आहे. आधींपासून असलेल्या विकारासाठीं कंपनी ३६ महिन्यांपर्यंत थांबावयास लावूं शकते, आणि तो विकार अर्जांत लपविला तर दावाच धोक्यांत येतो. दुसरी गोष्ट म्हणजे, ही शस्त्रक्रिया किरकोळ नव्हे. जखम मोठी असते. ती उशिरां भरणें, तींत पाणी सांचणें, जंतुसंसर्ग होणें, पायांच्या शिरांत रक्ताची गांठ होणें हे धोके तींत आहेत, आणि धूम्रपान करणारांना व मधुमेह्यांना ते अधिक आहेत. म्हणून विमा मिळतो एवढ्याचसाठीं ती करूं नये, आणि विमा नाकारला एवढ्याचसाठीं आवश्यक असतां टाळूंहि नये.

चौथा पावसाळा आला, तेव्हां त्या गृहिणीच्या मुलीनें एक साधी वही घातली. तींत प्रत्येक भेटीची तारीख, चिठ्ठी, मलमाचें नांव, वजन आणि किती दिवस आराम पडला, हें सर्व ती लिहूं लागली. प्रथम आईला तें आवडलें नाहीं, पुढें ती स्वतःच सांगूं लागली, "आज लिही, पुन्हां चिघळलें." ज्या गोष्टीचा उच्चार करण्यास तिला तीन वर्षें लागलीं, ती गोष्ट आतां घरांत ताप-खोकल्यासारखी बोलली जाऊं लागली. दुसऱ्या वेळच्या अर्जाचें उत्तर अनुकूलच येईल, अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. 'तात्काळ' हा शब्द अजून जागच्या जागीं आहे. परंतु यापुढें जें उत्तर येईल तें तिच्या रोगाला येईल, तिच्या रूपाला नव्हे.

कपाटांतलें विमापत्र एकदां बाहेर काढून त्यांतील अपवादांचें पान घरांतील सर्वांनीं मिळून वाचावें, एवढेंच या हकीकतीवरून सुचवावयाचें आहे. आणि तें वाचून झाल्यावर, घरांत कोणी मुकाट्यानें कांहीं सोसत तर नाहीं ना, हेंहि एकदां हळूच विचारून पाहावें. पहिल्या वाचनानें पैसे वांचतील. दुसऱ्या प्रश्नानें कदाचित् माणूस वांचेल.